बियांचा अर्क

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मु. पो. हलसूरवाडी, ता. निलंगा, जि. लातूर
दि. ५ सप्टेंबर १९८२

चि. रेवणसिद्ध यास वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वरचा पत्ता नीट बघून घे. आता जि. उस्मानाबाद लिहायचं न्हाई. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी आपला जिल्हा लातूर झाला. पोस्टातल्या शेषेरावांनी येईल त्याला थांबवून सांगितलं, जुना जिल्हा लिहिला तर पत्र कुठं जाईल त्याची जिम्मेदारी माझी न्हाई. लातुरात त्या दिवशी पेढे वाटले म्हणे. आपल्याकडं वाटायला ढगसुद्धा न्हाई.

मृगाचा एक पाऊस झाला आणि मग जो गेला तो गेलाच. मूग, उडीद जागेवर वाळले. तूर उभी हाय, पण तिच्याकडं बघवत न्हाई. गावातला आड आटलाय. मळ्यातल्या विहिरीवरून तीन खेपा पाणी आणते, तेवढ्यात माझा दिवस सरतो. तुझे अण्णा काही बोलत न्हाईत. लग्न झाल्यापासून ते कधी बोलत होते म्हणा.

माळावरची सीताफळं तेवढी लगडलीत. त्यांना कुणाचं काही लागत न्हाई. फळ खाऊन बिया माझ्या अंगावर थुंकणारा तू, आता नांदेडच्या कॉलेजात प्राध्यापक होऊन त्याच बिया मागवतोस. मला सून करून आणणाऱ्या अव्वा असत्या तर हसून बेजार झाल्या असत्या. उवा मारण्याशिवाय त्या बियांचं आणखी काय करतात ते एकदा मला समजेल असं लिही.

देगलूरच्या एका गुरुजींची मुलगी हाय. तिला तेलुगू येतं, कन्नड येतं, मराठी तर येतंच. तीन भाषांत तुला कामं सांगील. फोटो पाठवू का?

प्रकृतीला जप. वहिनीवर लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी वहिनी,
साखराबाई


नांदेड
दि. २२ सप्टेंबर १९८२

ती. सौ. वहिनींस रेवणसिद्धचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. जिल्हा लातूर लिहिताना हात दोनदा अडखळला. फोटो पाठवू नका. आधी प्रबंध, मग बाकीचं.

बियांचं विचारलंत म्हणून लिहितो. बिया वाळवून कुटतो, आठ दिवस स्पिरिटात भिजवतो, गाळतो आणि मंद आचेवर आटवतो. तळाशी काकवीसारखा गडद अर्क उरतो. त्याची कुपी माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक विरूपाक्ष सर यांच्या ओळखीनं मुंबईच्या एका संशोधन संस्थेत जाते. तिथं काचेच्या चपट्या बाटल्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवतात. पेशी म्हणजे शरीराचे अगदी बारीक कण, डोळ्यांना न दिसणारे. ह्या पेशी परदेशातल्या एका बाईच्या छातीच्या गाठीतून आलेल्या आहेत. बाई कधीच वारली, पेशी मात्र बाटलीत अजून वाढताहेत. हे तुम्हाला लिहिताना संकोच वाटतो, पण विषयच तो आहे.

आता खरी बातमी. परवा मुंबईहून पत्र आलं. आपल्या माळावरच्या बियांचा अर्क थेंबभर टाकल्यावर दोन दिवसांत शंभरातल्या ऐंशी पेशी मेल्या. ते पत्र मी किती वेळा वाचलं, सांगत नाही. सरांनी सगळ्या स्टाफला चहा पाजला. सरांनी चहा पाजणं हीच इथं बातमी झाली.

अजून चार-पाच किलो बिया लागतील. पाण्याच्या खेपा मारून तुमचा जीव जातो आणि मी बिया मागतोय, हे कळतं. अण्णांना नमस्कार. आशीर्वाद असाच पाठीवर राहू द्या.

आपला,
रेवणसिद्ध


हलसूरवाडी
दि. २५ नोव्हेंबर १९८२

चि. रेवणसिद्ध यास आशीर्वाद. वि. वि.

निलंगा-नांदेड एसटीच्या कंडक्टरजवळ बियांची पिशवी दिली हाय. स्टँडवर जाऊन उतरवून घे. वर करडईची चटणी हाय, ती प्रयोगाची न्हाई, खाण्याची हाय.

दिवाळीला तू चार दिवस आलास ते बरं झालं. तू गेल्यावर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. मी आणि तुझे अण्णा दोघंही खडी फोडून राहिलो. घरची जमीन असून खडी फोडायची म्हणून पहिल्या दिवशी अण्णांनी डोक्याचं मुंडासं पार डोळ्यांवर ओढलं होतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळा गावच तिथं.

एक विचारायचं होतं. शेजारच्या विठाबाईला छातीत गाठ हाय. दुखत न्हाई, पण हाताला कडक लागते. आठ-नऊ महिने झाले असतील. दवाखान्यात जायला ती लाजते. बाप्या डॉक्टरला दाखवायचं कसं, म्हणते. तुझ्या त्या औषधाचं मी तिला सांगितलं. ती विचारते, ते प्यायचं असतं की लावायचं? किती घ्यायचं? गाठ बसायला किती दिवस लागतात? सवडीनं कळव. ती रोज विचारून परेशान करते.

मला आजकाल लवकर थकवा येतो. वय झालं असेल. चाळिशी म्हणजे काही थोडं न्हाई.

आठवण ठेवून लिहीत जा.

वहिनी


नांदेड
दि. १२ डिसेंबर १९८२

ती. वहिनींस शि. सा. नमस्कार. वि. वि.

घाईत चार ओळी लिहितो. परीक्षांचे पेपर समोर पडलेत आणि मुंबईला दुसरी कुपी पाठवायची आहे. बिया उत्तम आहेत. चटणी दोन दिवसांत संपली, त्यात सरांचाही हात होता.

विठाबाईंना सांगा, धीर धरा. दवाखान्यात दाखवून घेतलं तर चांगलंच. आमच्या अर्काची अजून गोळी झालेली नाही, त्याला काही वर्षं लागतील. पण त्यांना म्हणावं, औषध लांब नाही, आपल्याच माळावर आहे. हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

पुढचं पत्र मोठं लिहीन. लोभात ठेवा.

रेवणसिद्ध


हलसूरवाडी
दि. ८ फेब्रुवारी १९८३

चि. रेवणसिद्ध यास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र एकट्यानं वाच. मेसमध्ये उघडू नकोस.

विठाबाईला काही झालेलं न्हाई. ती धडधाकट हाय. गाठ मला हाय, डाव्या बाजूला. तू समोर असतास तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. तुला मी न्हाऊ-माखू घातलेलं हाय, पण तू दीर हायस. दिवाळीत तू पडवीत बसून त्या बाटल्यांचं सांगत होतास, तेव्हा दोनदा तोंडाशी आलं. मग तुझ्या पुढ्यात भाकर वाढली आणि आत गेले.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं. औषध आपल्याच माळावर हाय असं तू लिहिलंस. मी विचार केला, गोळी व्हायला वर्षं लागतील तर लागू दे, बी तर आज हाय. उवा मरतात, माणूस मरत न्हाई, मग भ्यायचं कशाला? बिया फोडून आतला गर कुटला आणि सकाळी गुळात चिमूटभर घ्यायला लागले. आज चाळीस दिवस झाले. पहिल्यांदा नुसतं मळमळायचं. आता अन्न पोटात ठरत न्हाई. कुटताना पूड डोळ्यात उडाली, तर तीन दिवस उजवा डोळा उघडला न्हाई. अण्णांना सांगितलं, चुलीचा धूर गेला.

गाठ बसली न्हाई. वाढलीय असं वाटतं. म्हणून विचारते, मी कमी घेते का? किती वाढवू?

रागावू नकोस आणि अण्णांना कळवू नकोस. विहिरीवरून येताना तीनदा बसावं लागतं. लई थकले रे.

तुझी,
वहिनी


नांदेड
दि. १३ फेब्रुवारी १९८३

ती. वहिनींस रेवणसिद्धचा साष्टांग नमस्कार.

सकाळी तार केली आहे, ती मिळाली असेल. तरी पुन्हा लिहितो. ती पूड बंद करा. आजपासून, ह्या घडीपासून. ते विष आहे. उरलेली कुणाच्या हाती लागू देऊ नका.

आता जे लिहितो ते वाचून तुम्ही माझं तोंड पाहणार नाही, तरी लिहायला हवं. दुसऱ्या कुपीचं उत्तर मुंबईहून बारा जानेवारीलाच आलं होतं. ह्या वेळी त्यांनी तोच अर्क निरोगी पेशींवरही टाकून पाहिला. त्याही मेल्या, जवळजवळ तेवढ्याच. आमचा अर्क आजारी आणि धड असा भेद करत नाही. बाटलीत पेशी मरणं वेगळं आणि माणूस बरं होणं वेगळं, हे मी वर्गात पोरांना शिकवतो. तुम्हाला मात्र लिहिलं नाही. ते पत्र महिनाभर टेबलाच्या खणात ठेवलं. कुणाला दाखवलं असतं तर माझ्या प्रबंधातली हवा गेली असती, म्हणून. विठाबाईंना बरं वाटावं म्हणून जे एक वाक्य लिहिलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यावर तुम्ही चाळीस दिवस काढलेत.

आणि मला कळलं कसं नाही? विठाबाईंसाठी तुम्ही एवढे बारीक प्रश्न विचारलेत, शेवटी थकवा येतो म्हणून लिहिलंत. मी सगळं वाचलं आणि चटणीबद्दल उत्तर दिलं.

शनिवारी येतो. अण्णांना मीच सांगणार आहे. एवढी एक गोष्ट तुमची ऐकणार नाही.

रेवणसिद्ध


हलसूरवाडी
दि. २० मार्च १९८३

चि. रेवणसिद्ध यास आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझ्या तारेचं सांगते, तू आलास तेव्हा बोलायचं राहून गेलं. इंग्रजीतली तार शेषेरावांनी भर चावडीत वाचली, की बिया बंद करा, शनिवारी येतो. किराणावाले मलप्पा म्हणाले, प्रोफेसरनं वरून हुकूम आणलाय, औंदा पेरणी करायची न्हाई. दोन दिवस लोक अण्णांना विचारून राहिले की सरकार बियाणं देणार का. मला हसू आलं आणि हसल्यावर उलटी झाली. आता उलट्या थांबल्यात. डोळाही निवळला.

अण्णांना तू सांगून गेलास. त्यांनी आधी पूड मागून घेतली. परसात हातभर खड्डा खणून पूड पुरली, वर दगड ठेवला, शेळ्यांनी उकरू नये म्हणून. उखळ तीनदा घासलं. दुसऱ्या दिवशी बघते तर घागर त्यांच्या खांद्यावर. विहिरीवर बाया पदरात तोंड लपवून हसल्या. त्यांनी खाली मान घालून पाणी शेंदलं. तेव्हापासून तेच आणतात.

लातूरच्या दवाखान्यात मंगळवारी सर्जन येतात. त्यांनी तपासलं. लाजेनं मेले असते, पण ते भिंतीकडं बघून बोलत होते, त्यांनाही लाज असेल. म्हणाले, हैदराबादला जा, काढावं लागेल. आणि विचारलं, इतके महिने काय केलं?

दवाखान्यात सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. कचेरीतला शिक्का अजून जुन्या जिल्ह्याचाच हाय. बाबूनं उस्मानाबाद खोडून पेनानं लातूर लिहिलं. दुसऱ्या टेबलावरचा म्हणाला, खाडाखोड चालत न्हाई. परत गेलो तर नवा शिक्का यायचा हाय म्हणाले. तीन चकरा झाल्या. मी पायरीवर बसून राहिले. जिल्हा जवळ आला म्हणतात, मला तर पायऱ्याच वाढलेल्या दिसतात.

खरं सांगू? मला जावंसं वाटत न्हाई. कापून घ्यायचं, मग विजेचे शेक घ्यायचे, महिनाभर परक्या मुलखात पडायचं, आणि एवढं करून डॉक्टर खात्री देत न्हाईत. इथं पडले तर निदान आपल्या घरात पडेन.

तुझ्यावर राग हाय. तो लपवत न्हाई. पण लिहिणं बंद करू नकोस.

वहिनी


नांदेड
दि. ३ एप्रिल १९८३

ती. वहिनींस शि. सा. नमस्कार. वि. वि.

खात्री कुणीच देणार नाही. मीही देत नाही. एकदा न तपासलेला दिलासा दिला, आता देणार नाही. हैदराबादच्या डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. गाठ काखेपर्यंत गेली असावी. काढली आणि शेक घेतले तर बरीच वर्षं मिळू शकतात. नाही काढली तर वर्ष-दीड वर्ष, आणि शेवटचे महिने फार वाईट.

मी सहा वर्षांचा होतो तेव्हा अव्वा गेल्या. तुम्ही सतरा वर्षांच्या होतात, लग्न होऊन तीन महिने झाले होते. तुम्ही तेव्हा कुठं खात्री मागितली होती, की हा पोरगा नीट निघेल? चला, वहिनी. माझ्यासाठी नको तर घागर खांद्यावर घेणाऱ्या माणसासाठी चला.

वीस तारखेची वेळ मिळाली आहे. दाखल्यासाठी मी बुधवारी निलंग्याला येतो आणि मिळेपर्यंत तिथून हलत नाही.

सरांचं आणि माझं बिनसलं आहे. ते म्हणतात, पहिल्या कुपीवर लेख पाठव, निरोगी पेशींचं पुढच्या वेळी बघू. मी म्हणालो, दोन्ही तक्ते एकत्र जातील, नाहीतर लेखच जाणार नाही. ते म्हणाले, मग नाव तुझं एकट्याचं टाक. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं चालतं.

राग असू द्या. त्यासोबत बसमध्ये बसा.

आपला,
रेवणसिद्ध


हैदराबाद
दि. ६ मे १९८३

चि. रेवणसिद्ध यास अण्णा गुरुपादप्पाचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई. तू परीक्षेसाठी परत गेलास म्हणून लिहितो. टाके निघाले. जखम कोरडी हाय. डॉक्टर म्हणाले, काखेतल्या चार गाठी काढल्या. शेक सोमवारपासून, पंचवीस घ्यायचे.

इथं नळाला दिवसभर पाणी असतं. कुणी नळ उघडा सोडला की ती खाटेवरून उठून बंद करायला जाते. नर्स रागावते. मी म्हणालो, मी करतो बंद. आता तेच काम करतो.

काल तिनं मला विचारलं, तुम्हाला कसं वाटतं आता माझ्याकडं बघून. मी म्हणालो, जेवण कर. मला बोलता येत न्हाई. तुला येत असेल तर तिला लिही. तुझ्यावर मी रागावलेलो न्हाई. रागावलो होतो.

गुरुपादप्पा


नांदेड
दि. ११ नोव्हेंबर १९८३

ती. वहिनींस शि. सा. नमस्कार. वि. वि.

दिवाळीला आलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं होतं, ते निमित्तच होतं. तुम्ही डाव्या हातानं ताट उचलायला जाल आणि तो वर येणार नाही, ते बघण्याची हिंमत झाली नाही.

लेख छापून आला. सोबत पाठवतो. इंग्रजीत आहे, पण शेवटचा परिच्छेद मराठीत सांगतो. ह्या बियांचा अर्क निरोगी पेशींनाही मारतो, तो कुणीही पोटात घेऊ नये, असं लिहिलं आहे. मुंबईचे लोक म्हणतात, अर्कातले घटक एकेक वेगळे करून पाहा, कदाचित एखादा निवड करणारा सापडेल. दहा वर्षांचं काम आहे, कदाचित सापडणारही नाही. सुरुवात केली आहे. उत्साह आहे असं म्हणणार नाही, पण रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडतो.

माया आटू देऊ नका.

रेवणसिद्ध


हलसूरवाडी
दि. १९ जानेवारी १९८४

चि. रेवणसिद्ध यास वहिनीचे आशीर्वाद. वि. वि.

औंदा पाऊस बरा झाला. ज्वारी कमरेच्या वर हाय, आडाला पाणी आलं. अंगातला शीण मात्र पावसानं जात न्हाई. डावा हात खांद्यापर्यंत येतो, वर न्हाई. वेणी अण्णा घालतात. इतकी वाकडी घालतात की मी पदर पुढं ओढून घेते. आला असतास तर बघून हसला असतास. न बघताच घाबरलास.

गावात आता सगळ्यांना माहीत हाय. दुपारी बाया येतात. आधी मिरच्यांचं बोलतात, सुनांचं बोलतात, मग हळूच हात धरून छातीला लावतात आणि विचारतात, असंच होतं का? त्यातल्या निम्म्याजणी ती बियांची पूड मागतात. मलप्पांच्या दुकानात कुणीतरी सांगितलं की प्रोफेसरच्या औषधानं साखराबाई वाचली. तुझा इंग्रजी लेख त्यांच्यापुढं धरून काय उपयोग? मी दार लावते आणि झंपर काढून दाखवते. हे बघ, म्हणते, सरळ फासळीपर्यंत. बियांनी काही झालं असतं तर हे कशाला झालं असतं? मग त्या पुढच्या मंगळवारी माझ्याबरोबर लातूरच्या एसटीत बसतात. आतापर्यंत अकराजणींना नेलं. नऊजणींना काही न्हाई. एकीचं दूध गोठलं होतं. एक सोनखेडची, तिची खरी निघाली, बोरभर होती. ती हैदराबादहून काढून आली. मला मिठी मारायला गेली तर माझ्या जखमेला धक्का बसला. दोघी रडलो, मी दुखलं म्हणून.

तुझ्यावरचा राग बराचसा गेला. जो थोडा हाय तो असू दे. तू महिनाभर पत्र दडवलंस, मी वर्षभर गाठ दडवली. आपण दोघं एकाच घरात वाढलेलो.

आता मुख्य. काल सकाळी अंघोळ करताना उजव्या बाजूला काहीतरी लागलं. लहान हाय, तुरीच्या दाण्याएवढं. असंच काही असेल किंवा नसेल. चुलीवर पाणी तसंच ठेवून बाहेर आले आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, मंगळवार किती दिवसांवर हाय. आज तुला लिहून राहिले.

एसटी सकाळी सातला निघते. ह्या वेळी मला न्यायला अकराजणी येणार म्हणतात, बसमध्ये जागा उरणार न्हाई. तरी तू ये. उभा राहा.

तुझी,
वहिनी